स्लॅगच्या काँक्रीटचा ७ दिवसांचा क्यूब कमी येतो, बर्फाच्या कारखान्यात कोब्याची साल निघते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

थोडं सिमेंट कमी करून त्या जागी स्लॅगची, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळाची, पावडर घातलेल्या काँक्रीटबद्दल हे आहे. आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते बघा.

७ दिवसांचा क्यूब, म्हणजे चाचणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा, दाबला आणि एम ४० ला (२८ दिवसांना चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकद हवी ते काँक्रीट) २०-२२ न्यूटनच आले. शटरिंग खोलताना कॉलमचे कोपरे फळीबरोबर निघून आले. सकाळी ओतलेला कोबा संध्याकाळी पण अंगठ्याने दबतोय. क्यूब फुटल्यावर आतून हिरवट-निळा निघाला. कोब्यावर चाललं की चपलेला भुकटी लागते, झाडू मारला तरी दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. आणि थंडीच्या जागी, म्हणजे बर्फाचा कारखाना, मासळीचा फ्रीजर, कोल्ड स्टोरेजच्या दाराची पट्टी, इथे वर्षाच्या आतच वरचा थर नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटायला लागतो, मग खडी उघडी पडते, मग त्या खळग्यात पाणी साचतं आणि तिथूनच पुढे पसरत जातं.

मी आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटच्या क्वालिटीत बरीच वर्षं काढली, आता साइटवरच्या अशाच तक्रारी बघायला जातो आणि खरं सांगायचं तर दहातल्या सात-आठ वेळा तक्रार हीच असते, फक्त जागा बदलते. मुंबईत कुठे पाणी गोठतं असं नवीन पोरं विचारतात. हवेत नाही गोठत, बरोबर आहे. पण ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याला ज्या बोटी लागतात त्यांना बर्फ लागतो, तळोज्याला मासळी एक्स्पोर्टवाल्यांचे फ्रीजर उणे १८ च्या खाली चालतात, वाशीच्या मार्केटच्या आसपास कोल्ड स्टोरेज आहेत. तिथला कोबा दिवसातून कितीदा गोठतो आणि सुटतो याची मोजदाद कोणी ठेवत नाही, हिमाचलमधल्या रस्त्यालाही रोज एवढ्यांदा गोठावं लागत नसेल.

तपासणीच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर सगळं चुकेल. ताकद आणि गोठण सहन करणं ही दोन वेगळी खाती आहेत. एम ५० चा रिपोर्ट दाखवून "एवढं स्ट्राँग काँक्रीट सोललं कसं" असं मालक विचारतात, पण क्यूब दाबताना मशीन अख्ख्या ठोकळ्याचं उत्तर देतं आणि गोठण्याचा मार बसतो वरच्या पाच मिलिमीटरला. स्लॅगच्या काँक्रीटमधे ते वरचे पाच मिलिमीटरच सगळ्यात आधी उपाशी राहतात.

उपाशी का, ते सांगतो. स्लॅग म्हणजे भट्टीत लोखंड वितळवताना वर तरंगणारा मळ. तो साधारण १४००-१५०० अंशांना वितळलेला असताना त्यावर पाण्याचा जोरदार मारा केला की काचेसारखे दाणे होतात, ते दळले की जीजीबीएस. आपल्याला लांबून आणायला नको, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना आहेच. ही पावडर सिमेंटसारखी एकटी लगेच उठत नाही, सिमेंट पाण्याबरोबर काम करतं तेव्हा जो चुना सुटतो त्या अल्कलीने ती जागी होते आणि मग हळूहळू स्वतःचं जेल बनवते. म्हणजे तिला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि ओल. दोन्ही मिळाल्या तर २८ दिवसांनंतरही ताकद वाढत राहते, छिद्रं बारीक होतात, खारं पाणी आत शिरत नाही, म्हणूनच समुद्राकाठच्या शहराला हे मटेरियल उत्तम आहे आणि मी कायम त्याच्याच बाजूने बोलतो. ओल काढून घेतली तर आतलं काँक्रीट तरी स्वतःच्या ओलीवर भागवतं, वरची साल मात्र तशीच कच्ची राहते.

आता तपासायला घ्या, फुकटातलं आधी.

पहिलं म्हणजे कॅलेंडर बघा. हसण्यावारी नेऊ नका, निम्म्या तक्रारी इथेच संपतात. नुसतं ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, असेल तर ७ दिवसांना २८ च्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, ५० टक्के स्लॅग असेल तर मला निम्मी ते साठ टक्केच दिसते, थंडीत त्याहून थोडी कमी. म्हणजे एम ४० ला ७ दिवसांना २२ न्यूटन आले आणि २८ ला ४५ गेले तर त्यात बिघाड काहीच नाही, तुमची अपेक्षा ओपीसीची होती एवढंच. आपला काँक्रीटचा कोड आयएस ४५६ पण काँक्रीट पास-नापास २८ दिवसांवर ठरवतो, ७ दिवसांचा आकडा फक्त अंदाजासाठी. पण याचा अर्थ टेकू वेळेवर काढायचे असाही नाही हां. कोडमधे टेकू काढायचे जे दिवस दिलेत, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ आणि त्यावर १४, ते ओपीसीसाठी आहेत. स्लॅग असेल तर साइटवर ठेवलेला क्यूब दाबून मगच टेकूला हात लावा.

हिरवट-निळा रंग दिसला तर घाबरू नका. स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे तो येतो, फुटलेला तुकडा उन्हात ठेवा, काही दिवसांत राखाडी पडतो. मला एका मुकादमाने रात्री साडेअकराला फोन केला होता, "साहेब, क्यूब आतून हिरवा निघाला, सगळा कॉलम तोडायला लागणार का?" बिचारा झोपलाच नव्हता. मी उलटं सांगतो, आतून रंग चांगला गडद निघाला तर स्लॅगने काम केलंय आणि आत ओल टिकून आहे.

दुसरं, क्यूबचं वजन करा. वजनकाटा कुठल्याही लॅबमधे असतो आणि हे कोणी करत नाही. १५० मिलिमीटरचा क्यूब ८.१ ते ८.५ किलोच्या आसपास भरला पाहिजे. ७.७-७.८ भरला आणि तुम्ही मुद्दाम हवा घातलेली नाही, तर क्यूब नीट ठोकलेलाच नाही, तीन थर आणि प्रत्येक थराला ३५ ठोके कोणीतरी गिळलेत. मग दोष काँक्रीटचा नाही, क्यूब भरणाऱ्याचा. त्याच वेळी टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर घाला. २७ अंश, दोन वर-खाली, असं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी रात्री बरंच खाली उतरतं, ओपीसीला त्याचा तितका त्रास होत नाही पण स्लॅग थंडीत जास्तच रेंगाळतं. एका ठिकाणी तर चालू कोल्ड रूमला चिकटून नवीन खोलीचा कोबा ओतला होता, भिंतीपलीकडे ४ अंश, आणि हे लोक विचारत होते की भिंतीच्या कडेचा दोन फुटांचा पट्टाच कच्चा का राहिला.

तिसरं, चावी किंवा खिळा. कोब्यावर जोर देऊन रेघ ओढा. पांढरी भुकटी निघाली आणि रेघ खोल गेली तर साल कच्ची. मग बारक्या हातोडीने टकटक करत जा, ठण आवाज आला तर चांगलं, भद आला तर थर सुटलाय, खडूने तिथे गोल करा. आणि शेवटी दोन-चार थेंब पाणी टाका. मिनिटाभरात प्यायलं तर वरची छिद्रं मोठी आहेत. हे तिन्ही मधोमध करा, दाराजवळ करा आणि जिथे गोणपाट टाकलं होतं असं लोक शपथेवर सांगतात तिथेही करा, फरक आपोआप दिसतो.

चौथं कागद. चलन आणि बॅच शीट (प्लांटने कुठला माल किती घातला त्याचा कागद) काढा, त्यावर गाडी प्लांटवरून कधी निघाली आणि साइटवर कधी रिकामी झाली ते बघा. मुंबईत अवजड गाड्यांना वेळेची बंदी, घोडबंदरला जाम, पुलावर जाम, तीन-साडेतीन तास सहज जातात, मग माल घट्ट झाला की पाण्याचा पाइप गाडीच्या तोंडात जातो. त्याची नोंद कुठेच नसते, म्हणून पंपवाल्याला आणि ड्रायव्हरला प्रेमाने विचारा, दम देऊन कोणी खरं सांगत नाही. पावसाळ्यात अजून एक बघायचं, वाळूची ओल प्लांटने वजा केली होती का. हिशोब साधा आहे: घनमीटरला ७५० किलो क्रश सँड, त्यात ५ टक्के पाणी म्हणजे ३७ लिटर फुकटात आत गेलं. डिझाइन १५० लिटर पाण्याचं आणि ३८० किलो सिमेंट-स्लॅगचं असेल तर पाण्याचं त्याच्याशी ०.४० चं प्रमाण थेट ०.४९ वर. एवढ्याने ताकद तर पडतेच, गोठणाऱ्या जागेत असा कोबा टिकणंच अवघड. बॅच शीटवर स्लॅगचा टक्काही बघून ठेवा, त्याचं पुढे सांगतो. आणि स्लॅग म्हणजे नक्की कुठला स्लॅग, हे विचारा. लोखंडाच्या भट्टीचा दाणेदार, दळलेला स्लॅग वेगळा आणि पोलाद बनवतानाचा स्टील स्लॅग वेगळा. दुसऱ्यात मोकळा चुना असतो, तो पाणी पिऊन फुगतो, आणि कोब्यात मधेच उकळी फुटल्यासारखे खळगे पडायला लागतात. जीजीबीएसचं टेस्ट सर्टिफिकेट आयएस १६७१४ प्रमाणे पाहिजे, नसेल तर तिथेच थांबा आणि मागवा.

पाचवं क्युरिंग, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. आयएस ४५६ ओपीसीला किमान ७ दिवस सांगतो, स्लॅग किंवा फ्लाय ॲश असेल तर १० आणि शक्य असेल तर १४. साइटवर काय होतं तर बिगारी सकाळी एकदा पाइप फिरवतो, दुपारी एकदा, मधे गोणपाट खडखडीत वाळतं. हे ओलं-सुकं-ओलं सगळ्यात वाईट. कोब्याला कडेने मसाल्याची पाळ घाला आणि पाणी भरून ठेवा, दोन आठवडे, त्याहून स्वस्त इलाज नाही. पाणी टँकरचं किंवा म्युनिसिपालिटीचं असू दे, समुद्राजवळच्या बोअरवेलचं खारं पाणी भरू नका.

क्युरिंगच्या आधीही एक चूक होते. स्लॅगमुळे माल उशिरा धरतो, त्यामुळे वर पाणी सुटत राहतं, तास दोन तास जास्तच. मिस्त्रीला घरी जायची घाई, ट्रेन गाठायची असते, मग तो वर तरंगणाऱ्या पाण्यासकट थापी मारतो आणि त्याहून वाईट म्हणजे पाणी सुकवायला वरून सुकं सिमेंट भुरभुरतो. दिसायला आरशासारखा कोबा. खाली मात्र पाण्याचा पातळ थर अडकला, तोच पुढे पापुद्रा म्हणून निघतो. वरचं पाणी आपणहून आटलं पाहिजे, पाय ठेवला की दोन-तीन मिलिमीटरच ठसा उमटला पाहिजे, मग पॉवर ट्रॉवेल. त्यासाठी मिस्त्रीला रात्रपाळीचे पैसे द्या, थांबवा. कोबा परत करण्यापेक्षा ते कधीही स्वस्त.

इथपर्यंत फार तर दोन-चारशे रुपये गेले. आता थोडा खर्च.

सहावं, फिनॉल्फ्थॅलीनचं एक टक्का द्रावण केमिकलच्या दुकानात मिळतं. छिन्नीने कोब्याचा ताजा टवका काढा, भुकटी फुंकून टाका, फवारा मारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून अल्कलाइन आहे, रंग आलाच नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते खाल्लंय. हे का बघायचं तर स्लॅगच्या काँक्रीटमधे मोकळा चुना मुळातच कमी, त्यामुळे क्युरिंग कमी पडलं की वरचा थर लवकर कार्बोनेट होतो. ओपीसीत कार्बोनेशन झालं की छिद्रं बुजतात, स्लॅगमधे उलट ती रुंद होतात. बिनरंगाचा थर आणि सुटलेल्या पापुद्र्याची जाडी बरेचदा तंतोतंत जुळते, मी पट्टी लावून मोजलीय.

आणि त्यात मीठ आलं की संपलं. घरी पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात खडं मीठ टाकतो ना, मीठ बर्फ वितळवतं पण आजूबाजूची उष्णता खेचून घेतं, म्हणून भांड्यातलं दूध गोठतं. बर्फाच्या कारखान्यात डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीतून वर येतात, निथळतात, कोब्यावर बर्फाचा चुरा पडलेला असतोच, तिथे दूध म्हणजे कोब्याच्या छिद्रातलं पाणी. गोठताना ते ९ टक्के फुगतं. बरं, खारवणीचं पाणी घट्ट असतं तेव्हा एवढं नुकसान करत नाही, पातळ होऊन ३-४ टक्क्यांवर आलं की सर्वात जास्त साल काढतं, म्हणजे टाकीच्या अगदी काठापेक्षा जिथे निथळ आणि धुण्याचं पाणी मिसळतं तो पट्टा जास्त खराब. तुमच्याकडे नकाशा काढून बघा. उपायही तिथूनच निघतो: डबे टाकीवरच निथळू द्या, कोब्याला गटाराकडे उतार द्या, पाणी साचू देऊ नका. नुसत्या उताराने सोलणं पुष्कळ मंदावलेलं मी बघितलंय, कारण कोरडं काँक्रीट गोठलं तरी फुटत नाही, भिजून चिंब झालेलंच फुटतं. साल अजून शाबूत असेल तर कोबा पूर्ण सुकवून सायलेनचा (पाणी अडवणारं केमिकल) हात मारा, पाणी आत जायचं थांबतं. भिजलेल्यावर मारलात तर पैसे पाण्यात.

सातवी तपासणी हवेची आणि ही फक्त नवीन ओतताना करता येते. गोठणाऱ्या जागेच्या काँक्रीटमधे मुद्दाम बारीक बुडबुडे घालतात, एअर एन्ट्रेनिंगचं केमिकल मिळतं. पाणी फुगलं की त्याला शिरायला जागा. आयएस ४५६ मधे एम ५० च्या खालच्या ग्रेडला, २० एमएम खडी असेल तर, माल ओतताना ५ टक्के हवा सांगितलीय, एक वर-खाली. मुंबईतल्या बऱ्याच प्लांटला याची सवय नाही, आधी विचारा, ट्रायल घ्या, कारण टक्का हवा वाढली की साधारण ५ टक्के ताकद जाते, डिझाइन त्या हिशोबाने करावं लागतं. आणि हवा प्लांटवर मोजून उपयोग नाही, पंपाच्या पाइपातून बाहेर आल्यावर मोजा. पंप आणि व्हायब्रेटर दोन्ही हवा खातात, सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं केमिकल) बदलला तरी आकडा बदलतो. स्लॅगचा टक्का याच ठिकाणी महत्त्वाचा: मीठ आणि गोठण एकत्र असेल तर अमेरिकेचा एसीआय ३१८ कोड स्लॅग ५० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. पायाला ७० टक्के घाला, काही हरकत नाही, बर्फाच्या कोब्याला नको. मी स्वतः ३५-४० वरच थांबतो.

नवीन कोब्यावर थंडी सोडायची घाई पण करू नका. वारंवार गोठायच्या आधी काँक्रीटने निदान २४-२५ न्यूटन गाठलेले पाहिजेत, स्लॅग असेल तर २८ दिवस तरी जाऊ द्या, त्यातले शेवटचे दोन आठवडे सुकायला, आणि तापमान रोज थोडं थोडं उतरवा. मालकाचा सीझन तोंडावर असतो हे मला कळतं, तरी.

आता थांबायचं कुठे.

२८ दिवसांचे क्यूब कॉलम, बीम किंवा स्लॅबला नापास झाले की तुमचं-माझं काम संपलं, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. त्याआधी टेकू काढू नका, वरचा मजला ओतू नका. स्लॅग आहे म्हणून ५६ दिवस थांबू या, असं कोणी म्हणेल आणि बरेचदा ताकद येतेही, पण तो निर्णय लेखी आणि इंजिनियरचाच पाहिजे. हॅमर टेस्ट (वरून ठोका मारून ताकदीचा अंदाज घेणं) करून समाधान मानू नका, हॅमर फक्त सालीचं सांगतो, आणि स्लॅगमधे साल आणि पोट वेगळं असतं हे वर बोललोच. कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेले गोल नमुने, लागतात, किमान तीन, सरासरी ग्रेडच्या क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नको. व्हीजेटीआय, आयआयटी किंवा एनएबीएलची मान्यता असलेली लॅब, कुठेही द्या.

फ्रीजरचा कोबा मधून फुगून वर आला, दरवाजा घासायला लागला, तर तो सालीचा आजार नाही. खालची जमीन गोठून वर ढकलतेय, इन्सुलेशन किंवा खालच्या हिटरचा बिघाड आहे, रेफ्रिजरेशनवाल्यांशिवाय हात लावू नका. अमोनियाची लाइन जवळ असेल तिथे ब्रेकर तर अजिबात नाही, एक ठिणगी किंवा एक चुकीचा घाव आणि माणसं जातील. सळया दिसायला लागल्या, गंजाचे डाग आले, तरीही थांबा, कारण मीठ आत पोचलंय आणि वरून मसाला फासला तर आत गंज चालूच राहतो.

नुसती साल गेली असेल आणि खाली घट्ट असेल तर कडा कटरने सरळ कापून, सैल सगळं काढून पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटचा थर देणारे लोक आहेत, ते काम त्यांनाच द्या, कारण ओल मोजून, पृष्ठभाग खरवडूनच तो बसतो, नाहीतर सहा महिन्यांत अख्खी चादर उचलली जाते.

कोणालाही बोलवा, हातात चलनं, बॅच शीट, क्यूबचं रजिस्टर वजनांसकट, ओतल्याची तारीख-वेळ, थंडी कधी सोडली ती तारीख आणि खडूचे गोल असलेले फोटो ठेवा. कोअर काढायला पोरगं आलं की उभं राहून सांगा, वरचा भाग कापून फेकू नकोस. लॅबवाले दाबायच्या आधी तोंड सपाट करायला वरचे दहा-पंधरा मिलिमीटर उडवतात आणि आपल्याला जे बघायचंय ते कचऱ्यात जातं. एक जास्तीचा कोअर काढून घ्या, तो दाबू नका, उभा चिरून फवारा मारा.